हातचा कॅरी करायचा का, बाई?

मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. तोवर एबीसीडीशी गाठ पडायची ती पाचवीत. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या त्या निर्णयावरून भरपूर वाद झाले. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमीचे वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळांतही निघाले. त्यामागे भाषेचा विचार किती होता कोण जाणे. पटाची चिंता मात्र नक्की होती. गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस येऊ लागली, की आमच्या पहिलीचा पट गळायचा.

सुरुवातीला सेमी म्हणजे नुसता पाटीबदल होता. बेरजेची ‘अ‍ॅडिशन’ झाली, शिकवणं तेच राहिलं. आम्ही बहुतेक शिक्षक मराठी माध्यमातलेच. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचायचं आणि मुलांकडून वदवून घ्यायचं, एवढंच जमायचं. मुलं ‘टू टू जा फोर’ खडाखडा म्हणत. साहेब खूश, पालकही खूश.

वर्ग खरा सुधारला तो आम्ही इंग्रजीच बोलायच्या शुद्धतेचा हट्ट सोडल्यावर. दुसरीत हातच्याची बेरीज असली की जमिनीवर काड्या आणि रबरबँडांचा पसारा असतो. ट्वेंटी एट प्लस सेव्हन. दोन गठ्ठे, आठ सुट्या, वर आणखी सात. सुट्या पंधरा होतात, त्यातल्या दहांना रबर लागतं आणि कुणीतरी विचारतं, “बाई, हातचा कॅरी करायचा का?” करायचा की! गठ्ठा दशकाच्या घरात गेला, समजलं, संपलं. शेजारी एक मुलगी मैत्रिणीला तेच अहिराणीत सांगत असते. त्या भाषेची नोंद कुठल्याच वेळापत्रकात नाही. त्याच खोलीत पहिलीही बसते. तिथला एक जण पाटी नाचवत येतो. पाटीवर मराठी एक, तोच थेट इंग्रजी नऊसारखा. कुठला आकडा रे हा? “मराठीत एक, इंग्लिशमध्ये नाईन.” त्याला चूक कसं म्हणणार? मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचंही तसंच. तेवढ्यात खिचडीची घंटा होते.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने ‘बत्तीस’च्या जोडीला ‘तीस दोन’ दिलं आणि गहजब झाला. विधानसभेतही कोट्या झाल्या. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत होत्या. बत्तीस ऐकून आधी दोन, मग तीन लिहिणारी पोरं ज्याने रोज पाहिली आहेत, त्याला ते कारण वेगळं समजावावं लागत नव्हतं. सेमीच्या मुलाला ‘थर्टी टू’मुळे ती सोय आपोआप मिळालेली होती, शुद्ध मराठी वर्गाला ती दिल्यावरच ओरड झाली, हे मला अजून खटकतं.

२०२२पासून पहिलीच्या हाती द्विभाषिक पुस्तक आलं. मराठी शब्दाशेजारी इंग्रजी शब्द, सगळे विषय एकाच पुस्तकात, वर्षाचे चार भाग. दप्तर हलकं झालं, आणि आमची मिसळ छापील झाली. त्यानंतर २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला, आंदोलनं पेटली आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. तिसऱ्या भाषेच्या तासिका कुठून काढायच्या, याचा हिशेब तोवर मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्धवट पडून होता.