फांदी, त्रिकोण आणि चार दिवे

गाडी रस्त्यात बंद पडण्याचा इतिहास गाडीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका वायरीचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून आणलं. बाईंची हुशारी वादातीत. पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती. रस्त्यावर दुसरी मोटारच नव्हती, त्यामुळे मागून येऊन धडकायला कुणी नव्हतं.

आज गाडी बंद पडली की इंजिनाला काय झालं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, मागून येणाऱ्याला कळलं का? त्याला ते कळवण्यासाठी जगभरच्या माणसांनी काय काय केलंय, ते पाहू या.

सेकंदाला अठ्ठावीस मीटर

ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर कापते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, तिथे ३३ मीटर. समोर काहीतरी उभं आहे हे दिसणं, ते हलत नाहीये हे कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात एक-दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीस-चाळीस मीटर संपले. आता आठवा, बंद गाडीच्या मागे इशारा म्हणून लावायचा तो लाल त्रिकोण आपल्याकडे कुठे ठेवलेला दिसतो? बंपरपासून चार पावलांवर. तिथे तो असला काय, नसला काय!

ब्रिटनमध्ये साध्या रस्त्यावर त्रिकोण गाडीच्या मागे किमान ४५ मीटरवर ठेवायला सांगतात. पावलांत मोजायचं तर साधारण साठ पावलं. घाटात मात्र पावलं मोजून भागत नाही. गाडी वळणापलीकडे बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, नाहीतर तो आणि गाडी एकाच क्षणी दिसतात. तो नेताना अंगासमोर धरून, वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या अगदी कडेने चालायचं.

आणि हाच ब्रिटन मोटरवेवर, म्हणजे आपल्या एक्स्प्रेसवेसारख्या रस्त्यावर, त्रिकोण अजिबात लावू नका म्हणतो. कारण तो लावायला जाणारा माणूसच मरतो. स्पेन त्याहून पुढे गेला. १ जानेवारी २०२६ पासून तिथे त्रिकोणाच्या जागी टपावर ठेवायचा लुकलुकणारा दिवा आला. खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि चुंबकाने तो टपाला चिकटवायचा. गाडी कुठे उभी आहे तेही तो दिवाच वाहतूक खात्याला कळवतो. माझं मत या दोघांच्या बाजूने आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर, ट्रक सुसाट येत असताना, त्रिकोण हातात घेऊन चालत सुटणं मला पटत नाही. गाव-तालुक्याच्या रस्त्यावर जरूर लावा.

पिवळं जाकीट, तेही सीटजवळ

फ्रान्समध्ये २००८ पासून प्रत्येक गाडीत चमकदार जाकीट ठेवणं सक्तीचं झालं. त्याच्या जाहिरातीत कोण होतं? कार्ल लागरफेल्ड, पॅरिसच्या फॅशन जगतातलं बडं प्रस्थ. काळ्या सूटवर ते पिवळं जाकीट चढवून रस्त्याच्या कडेला उभे. हे दिसायला वाईट आहे, कशावरही शोभत नाही, पण जीव वाचवेल, असा त्या जाहिरातीचा मतलब होता. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, फ्रान्समध्ये मोठं आंदोलन पेटलं आणि आंदोलकांनी खूण म्हणून हेच जाकीट अंगावर घातलं. प्रत्येकाच्या गाडीत ते आधीपासून होतंच!

यातला कामाचा बारकावा वेगळाच आहे. जाकीट डिकीत ठेवून चालत नाही, हाताशी हवं, म्हणजे दार उघडायच्या आधी अंगात चढतं. डिकीतलं जाकीट काढायला तुम्ही गाडीच्या मागे जाणार, म्हणजे नेमके सर्वांत धोक्याच्या जागी. आपल्याकडे सक्ती नाही, पण एखादं सीटखाली टाकून ठेवायला काय हरकत आहे?

जपानची तऱ्हा आणखी निराळी. तिथे गाडीत पुढे बसणाऱ्याच्या पायाशी लाल ज्वाळेची एक कांडी अडकवलेली असते. टोपणावर घासली की पेटते आणि पाचेक मिनिटं जळते.

सलाम न करणारा शिपाई

ब्रिटनची ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ मध्ये निघाली, ती गाड्या दुरुस्त करायला नव्हे, तर वेगमर्यादेसाठी दबा धरून बसलेल्या पोलिसांची खबर सभासदांना द्यायला. पुढे कोर्टाने अशी उघड सूचना देण्याला आडकाठी केली. मग संस्थेने युक्ती काढली. सायकलवरचा शिपाई सभासदाची गाडी दिसली की सलाम करायचा. सलाम केला नाही तर थांबा आणि कारण विचारा! सलाम न केल्याबद्दल कुणाला शिक्षा कशी होणार? तीच संस्था आज बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी म्हणून ओळखली जाते. जर्मनीत हे काम करणाऱ्यांना लोक ‘पिवळे देवदूत’ म्हणतात, त्यांच्या पिवळ्या गाड्यांमुळे. आणि तिथल्या ऑटोबानवर पेट्रोल संपून गाडी थांबली तर दंड होऊ शकतो. टाकी भरून निघणं तुमच्या हातात होतं, असा त्यामागचा विचार. मला तो सोळा आणे पटतो.

स्टेपनी कुठली?

आपल्या तोंडात इतका रुळलेला हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचा आहे. स्टेपनी स्ट्रीट. तिथे डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवायला सुरुवात केली, कारण तेव्हाच्या मोटारींबरोबर ते मिळतच नसे. इंग्रजांच्या देशात हा शब्द मागे पडला, आपल्या पंक्चरवाल्याने जपला.

टोइंगची क्रेनही एका फजितीतून जन्मली. अमेरिकेत चॅटनूगा इथे अर्नेस्ट होम्स यांच्या ओळखीच्या माणसाची फोर्ड ओढ्यात पडली. ती काढायला अर्धा डझन माणसं, दोर, ठोकळे आणि तासन्‌तास लागले. होम्सनी १९१६ मध्ये गाडीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून पहिला टो-ट्रक उभा केला. त्याच गावात आज टोइंगचं संग्रहालय आहे.

‘पार्किंग लाइट’चा गोंधळ

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात, त्याला आपल्याकडे ‘पार्किंग लाइट’ म्हणतात. ते असतात ‘मी इथे उभा आहे’ हे सांगायला. पण पावसात, बोगद्यात, धुक्यात, अगदी चौकातून सरळ जायचंय म्हणूनही लोक ते लावतात. मग मागच्याने काय समजायचं? चारही लुकलुकत असताना तुम्ही डावीकडे वळणार की उजवीकडे, हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि खरंच बंद पडलेल्या गाडीचे दिवेही त्याला ‘चालत्या गाडीचे असतील’ असे वाटू लागतात. मला या सवयीचा मनापासून राग आहे.

आणखी एक. रात्री डिकी उघडून तिच्यामागे उभे राहू नका. तुमच्या अंगाने मागचे दिवे झाकले जातात. काही गाड्यांचे निम्मे दिवे डिकीच्या दारावरच असतात, ते दाराबरोबर वर आभाळाकडे जातात.

उतरा, आणि लांब जा

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, चाकं डावीकडे वळवून ठेवा. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं आणि कठड्यापलीकडे जायचं. उभं राहायचं ते गाडीच्या मागच्या बाजूला, थोडं दूर. गाडीला धडक बसली तर ती पुढे ढकलली जाते, म्हणून पुढे थांबायचं नाही. मधल्या लेनमध्येच अडकलात आणि उतरणं शक्य नसेल तर पट्टा बांधलेलाच ठेवा, दिवे लावा आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. फोनवर जवळच्या फलकावरचा किलोमीटरचा आकडा सांगा आणि बाजूही सांगा, पुण्याकडे जाणारी की मुंबईकडे. बाजू चुकली तर गस्तीच्या गाडीला कितीतरी लांबून वळून यावं लागतं.

धक्का मारण्याची आपली रीत छान आहे. शहरात, पुलावर, अनोळखी चार माणसं दोन मिनिटांत गाडी कडेला लावतात. फक्त धक्क्याआधी इग्निशन चालू हवं, नाहीतर स्टिअरिंग मध्येच लॉक होतं. इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा लागतो, तो जोर लावून दाबावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. विजेवरची तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायचीच नाही, सपाट ट्रकवर चढवून न्यायची.

पाहणाऱ्यांनाही एक रीत आहे. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत कडेला थांबलेल्या पोलीस-रुग्णवाहिकेपासून एक लेन सोडून जाण्याचा कायदा आहे. आपण बंद गाडीजवळ येऊन वेग कमी करतो खरा, पण तो काय झालंय ते बघायला. निदान हॉर्न तरी वाजवू नका. बंद पडलेली गाडी हॉर्नने सुरू झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

पाच दगड

आमच्या वडिलांची फियाट जुन्या बोरघाटात दर मे महिन्यात तापायची. जिथे लोक धनगर शिंग्रोबाला नाणी टाकतात, त्या देवळाच्या आसपास काटा लाल व्हायचा. बाबा बॉनेट उघडून थांबायचे, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरच. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण काढताच एकदम उसळतं. बाबा म्हणायचे, “आई शिट्टी पडल्या पडल्या कुकर उघडते का?”

दरम्यान आमच्याकडे दगड गोळा करण्याचं काम असे. एक चाकामागे, बाकीचे गाडीच्या मागे अंतर सोडून ओळीत, आणि सर्वांत लांब करवंदीची एक फांदी. ट्रकवाल्यांचीही हीच पद्धत होती आणि अजून आहे. फांदी दिसली की पुढे गाडी बंद आहे हे सगळ्या घाटाला कळतं. पण ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात, आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यावर जातो. असा एक अपघात बाबांनी पाहिला होता. कुणाचा ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

इंजिन गार झालं, पाणी भरलं, की बाबा आधी आम्हाला गाडीत बसवायचे. मग स्वतः मागे जायचे, फांदी दरीच्या बाजूला टाकायचे आणि एकेक दगड उचलून कडेला ठेवताना मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, चार. पाचवा चाकामागचा. तो काढून, हात झटकत, ते स्टिअरिंगवर बसायचे.