रेकॉर्डला आहे का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहा, ‘रेकॉर्ड’ हा शब्द कानावर पडणारच. नकलेसाठी आलेल्याला रेकॉर्ड म्हणजे जुन्या दप्तरांची खोली. भाऊबंदकीत सापडलेल्याला रेकॉर्ड म्हणजे सातबारा. पोलिसांच्या तोंडी ‘रेकॉर्डवरचा’ म्हणजे आधी गुन्हा दाखल असलेला माणूस. आणि पिकाचे ‘रेकॉर्ड उत्पन्न’ छापून आले की तो विक्रम. व्यवहारात मात्र हे अर्थ एकमेकांच्या बांधावर चढतात, आणि त्यात माणसाची जमीन अडकते.

माणसाच्या नोंदीच्या बाबतीत हा जिल्हा देशात पहिला आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पण आधार सांगतो तो माणूस कोण एवढेच. त्याची जमीन कुठली, जमात कोणती, हे त्याला विचारायचे नसते. त्यासाठी वेगळी दप्तरे, वेगळे टेबल.

सातबाऱ्याचेच बघा. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे ते, बारामध्ये पीक कोणते ते. सहा नंबर म्हणजे फेरफाराची वही. उताऱ्यावर नाव चढले की जमीन कायमची आपली, असा आपल्याकडे पक्का समज. जमीन महसूल संहितेचे कलम 157 इतके उदार नाही. अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे नोंद हा हक्काचा पुरावा, हक्क नव्हे.

सातपुड्याच्या कुशीत तर हा पुरावाही अनेकांकडे नव्हता. अक्कलकुवा-तळोदा भागात काठी, सिंगपूर, नाला अशी मेवासी संस्थाने, म्हणजे स्थानिक सरदारांच्या छोट्या जहागिऱ्या होत्या. त्यांचे मालकी हक्क 1961 च्या विनियमाने संपले, तरी तळोद्याच्या वन विभागाला आजही ‘मेवासी वन विभाग’ म्हणतात. बाप-आजापासून कसलेले रान सरकारी कागदावर ‘वन’ आणि कसणारा ‘अतिक्रमणदार’. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याने या कागदांत काही फरक पडला नाही.

फरक पडला तो 2006 च्या वनहक्क कायद्याने. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासीच्या ताब्यात असलेली वनजमीन, चार हेक्टरच्या मर्यादेत, त्याच्या नावे करण्याची सोय झाली. दावा ग्रामसभेकडून उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. पण ताबा सिद्ध कसा करायचा? सातबारा नाही, खरेदीखत नाही. तेव्हा दाव्यांना जोडल्या गेल्या त्या वन खात्याने अतिक्रमणाबद्दल फाडलेल्या दंडाच्या पावत्या. जंगलात नांगर घातला म्हणून ज्याला दंड झाला, त्याच्याकडे अमुक साली तो तिथे कसत होता याचा सरकारी सही-शिक्क्याचा कागद होता. गुन्ह्याचे रेकॉर्ड हक्काच्या कामी आले. ज्याने गार्डला चुकवले किंवा बिनपावतीचे पैसे मोजून सुटका करून घेतली, त्याच्या हाती काही उरले नाही. प्रामाणिक दंडाला इतकी किंमत येईल असे तेव्हा कोणाला वाटले असेल?

नियमांनी आणखी एक दार उघडले, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. जुनी घरे, बांध, बंधारे अशा खुणाही चालतात. ज्या समाजाचा सगळा इतिहास तोंडी, त्याच्या बोलण्याला प्रथमच दप्तरात जागा मिळाली. तरी टेबलावरून ‘सरकारी कागद आणा’ हेच ऐकू येते, ही तक्रार गावोगावी आहे आणि ती खोटी म्हणवत नाही.

जातपडताळणीचे तंत्र आणखी न्यारे. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख महत्त्वाची, म्हणून नातवाच्या प्रवेशासाठी आज्याच्या शाळेचा दाखला शोधावा लागतो. आजा शाळेतच गेला नसेल तर कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. गुरुजींनी एका भावाचे ‘वळवी’ आणि दुसऱ्याचे ‘वलवी’ लिहिले असेल, तर पुढच्या पिढीला चपला झिजवाव्या लागतात. वयाचे तर विचारूच नका. शाळेच्या हिशेबाने अर्धे गाव 1 जूनला जन्मले.

वनहक्काचा पट्टा मिळालेल्यांनी एक पाहावे. कायद्याप्रमाणे तो नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा. तो वारसाने मिळतो, विकता येत नाही. पट्ट्यावर घरधनिणीचे नाव नसेल तर अर्ज करा. आणि ज्यांचे दावे अजून लोंबकळत आहेत, त्यांनी भाऊबीज झाली की ग्रामसभेच्या वनहक्क समितीला सोबत घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून, अंगठा-सही घेऊन ठेवावेत. ती माणसे आहेत तोवरच हे काम होणार आहे.