समन्स नेमकं ‘मिळालं’ कधी? (एपिसोडचं लिखित रूप)

जमीन, भाडेकरू, उसने पैसे... दिवाणी दावा कुणावरही होऊ शकतो. मग सीबीएसजवळच्या आपल्या नाशिक जिल्हा कोर्टातून समन्स येतं. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. म्हणून माझा पहिला प्रश्न: टायमर सुरू कधी होतो?

समन्सवर छापलेल्या तारखेला नाही, तुम्ही ते वाचता तेव्हाही नाही. ‘बजावणी’ होते त्या तारखेपासून. तिथून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. बजावणीचा दिवस मोजत नाहीत. म्हणजे ५ जूनला बजावणी झाली, तर ५ जुलै शेवटचा दिवस. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं.

आता बजावणी कधी झाली असं धरतात?

१. तुम्ही सही करून घेतलं, तर तोच दिवस.

२. तुम्ही घरी नाही आणि लवकर भेटण्याची शक्यताही नाही, तर तुमच्यासोबत राहणाऱ्या सज्ञान नातेवाइकाकडे देता येतं. आई चालते, बहीण चालते. कामवाल्या मावशी चालत नाहीत.

३. घ्यायला नकार दिला, तर बेलीफ दाराला प्रत चिकटवतो आणि कोर्टाला तसा रिपोर्ट देतो. पोस्टाने आलेलं समन्स नाकारलं, तरी कोर्ट बजावणी झाली असं जाहीर करतं. थोडक्यात, दार लावून घेतल्याने टायमर थांबत नाही.

४. पत्ता बरोबर आहे, पण पोस्टाची पोचपावती हरवली किंवा समन्स निघाल्यापासून ३० दिवसांत परत आली नाही? तरीही बजावणी झाली असं जाहीर होऊ शकतं.

आणि व्हॉट्सॲप? जून २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर थकबाकी वसुलीचं प्रकरण होतं. नोटीस पीडीएफ करून पाठवली होती. मेसेज पोचला आणि फाइल उघडली गेली, हे दिसत होतं. कोर्टाने ती बजावणी मान्य केली.

दुर्लक्ष केलं तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करायचा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. बजावणी नीट झालीच नसेल, तर हे ३० दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. एका तारखेवर इतकं अवलंबून असतं!

म्हणून कागद हातात आला की तारीख टाका, फोटो काढा, सीएनआर नंबर ई-कोर्ट्स ॲपवर तपासा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. नोकरीसाठी बाहेरगावी असाल, तर घरच्यांना हे आजच सांगून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!