पट्टी नॉर्मल आली म्हणून गोळ्या तोडू नका

जयसिंगपुरातून ईईजी, एमआरआयसाठी माणसं मिरज-सांगलीला जातात आणि परतीच्या वडापमध्येच निकाल लावतात: 'पट्टी नॉर्मल आली, म्हणजे फिट नव्हतीच. गोळ्या बंद!' हे ऐकून कान किटले. गोळ्या अशा एकदम तोडल्या तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

ईईजीत डोक्याला तारा चिकटवतात, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, मिटल्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. त्या वीस-तीस मिनिटांत मेंदूतल्या विजेत जे घडलं, तेवढंच पट्टीवर उमटतं. अपस्मार असलेल्या साधारण निम्म्या लोकांच्या पहिल्या पट्टीत काहीच सापडत नाही. जागरण करवून, झोपेत पुन्हा काढली तर सापडण्याची शक्यता वाढते. उलटंही होतं. ब्रिटिश हवाई दलात भरतीला आलेल्या १३,६५८ धडधाकट तरुणांपैकी ६९ जणांच्या पट्टीत अपस्मारासारख्या लहरी निघाल्या (१९९३चा अभ्यास). त्यांना काय जन्मभर गोळ्या द्यायच्या?

मग निदान कशावरून? पाहणाऱ्याने नीट सांगितलेल्या हकिकतीवरून. शाळेत प्रार्थनेला उभी मुलगी घामाघूम होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा पांढराफटक पडतो, कोसळते, हातपाय क्षणभर झटकते आणि अर्ध्या मिनिटात आईला ओळखते. ही बहुधा भोवळ. झटके आले म्हणजे फिटच, असं नाही: १९९४च्या एका जर्मन प्रयोगात मुद्दाम बेशुद्ध केलेल्या ४२ निरोगी माणसांपैकी ९० टक्के जणांना झटके आले होते. फिटमध्ये अंग ताठरतं, मिनिट-दोन मिनिटं झटके येतात, जिभेची कड चावली जाते, नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला असतो. साध्या भोवळीला ईईजी-एमआरआय लागतच नाही. ईसीजी काढा, झोपवून आणि उभं करून बीपी मोजा. हृदयाचा दोष असेल तर तो तिथे सापडण्याची शक्यता असते, मेंदूच्या फोटोत नाही.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, त्यातली वीज नाही. तो स्वच्छ असूनही अपस्मार असतो. त्यात फीतकृमीची गाठ दिसली की 'आम्ही तर माळकरी' म्हणतात. अहो, या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीवरूनही पोटात जातात.

कांदा-चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. दातखीळ सोडवायला चमचा घालू नका, दात तुटतात, कुशीवर वळवा. अपस्मारामुळे लग्न रद्द ठरतं, हेही जुनं झालं: हिंदू विवाह कायद्यातली ती अट १९९९ साली काढली. आणि पुढच्या वेळी कुणी कोसळलं, तर एकाने जवळ थांबून मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांना ते फार कामाला येतं.