समुद्रकाठी जुन्या सागवानी कपाटाला रंग देताना
हरिहरेश्वरात खणांच्या जुन्या कपाटाचं काम दिवाळीनंतरच काढावं. पावसाळी दमटपणात चपडीचं पॉलिश पांढुरकं पडतं. आधी ८०, मग १२०, शेवटी १८० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. साग मूळचाच तेलकट. थिनरच्या फडक्यानं पुसून घेतला नाही, तर रंग नीट धरत नाही. स्टेन उघड्या लाकडातच मुरतो, जुन्या पॉलिशवर नाही. वरची फळी आणि खणांचे दर्शनी भाग अस्सल सागाचे असतील तर त्यांना स्टेनच द्या. असल्या रेषा रंगाखाली गाडणं हा लाकडावर अन्याय आहे. रंग बाजूंना, तोही प्रायमरनंतर. पितळी मुठी जपा. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत लवकर गंजतात, तिथं पितळी लावा.