अतिभारी अर्भक

अतिभारी अर्भक : गर्भावस्थेच्या कालमानाने अपेक्षित असलेल्या वजनापेक्षा पुष्कळच अधिक वजन असलेला गर्भ अथवा नवजात अर्भक. या अवस्थेस ‘मॅक्रोसोमिया’ असेही म्हणतात. जन्मवजन ४,००० ग्रॅ.पेक्षा, तर काही तज्ञांच्या मते ४,५०० ग्रॅ.पेक्षा अधिक असल्यास अर्भक अतिभारी समजतात. दुसऱ्या पद्धतीत गर्भावस्थेचे तेवढेच आठवडे पूर्ण केलेल्या शंभर अर्भकांपैकी वजनाने नव्वदांच्या पुढे असणाऱ्यांचा या गटात समावेश करतात. भारतातील सरासरी जन्मवजन सुमारे २.८ किग्रॅ. असल्यामुळे येथे ही दुसरी पद्धत अधिक उपयुक्त ठरते. उत्तर यूरोपात सर्वसाधारण समजले जाणारे ३.६ किग्रॅ. वजनाचे मूल ठेंगण्या बांध्याच्या भारतीय मातेच्या दृष्टीने मोठे असू शकते.

धोके : बहुसंख्य अतिभारी अर्भके सुखरूप जन्मतात. तथापि प्रसूती लांबणे, सिझेरियन शस्त्रक्रिया करावी लागणे, योनिमार्गास इजा होणे व प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होणे यांचे प्रमाण अशा मातांत वाढते. डोके बाहेर आल्यावर खांदा मातेच्या जघनास्थीमागे अडकणे हा सर्वांत गंभीर प्रसंग होय. त्यात अर्भकाच्या हाताकडे जाणाऱ्या तंत्रिका ताणल्या जाऊन हात लुळा पडू शकतो किंवा प्राणवायू अपुरा पडतो. माता मधुमेही असल्यास जन्मानंतर काही तासांतच अर्भकाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

कारणे : मातेचा मधुमेह हे सर्वांत महत्त्वाचे व उपचारसाध्य कारण आहे. डेन्मार्कमधील वैद्य यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० नंतरच्या दशकात त्याची उपपत्ती मांडली. मातेच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते, इन्शुलीन मात्र जात नाही. जास्तीच्या ग्लुकोजामुळे गर्भाच्या अग्निपिंडातून अधिक इन्शुलीन स्रवते. या इन्शुलिनाच्या प्रभावाने खांदे व पोट यांवर मेद साठतो. नाळ कापताच ग्लुकोजाचा पुरवठा थांबतो, परंतु इन्शुलीन काही काळ स्रवतच राहते. त्यामुळे अर्भकाची साखर उतरते. नऊ देशांतील सुमारे २५,००० गर्भिणींच्या पाहणीत (२००८) मातेची साखर वाढत जाईल तसतसा हा धोका क्रमाने वाढतो व त्यास निश्चित अशी सुरक्षित सीमा नाही, असे दिसून आले. [→ मधुमेह].

यांखेरीज गर्भधारणेपूर्वीची स्थूलता, गर्भारपणात प्रमाणाबाहेर वाढलेले वजन, पूर्वीचे मूल अतिभारी असणे, अनेक बाळंतपणे, आईबापांचा उंच बांधा, ४१ आठवड्यांपुढे लांबलेले गर्भारपण व मुलगा असणे ही कारणे आढळतात. क्वचित जननिक विकारही कारणीभूत असतो.

मुंबई व पुणे येथील संशोधन : अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या उपनगरी पट्ट्यांत झोपडवस्त्या व मध्यमवर्गीय वसाहती शेजारी शेजारी आहेत. त्यामुळे कृश व स्थूल अशा दोन्ही प्रकारच्या गर्भिणी येथे आढळतात. केवळ मातेच्या बांध्यावरून मात्र धोका ओळखता येत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किग्रॅ. होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांपेक्षा ही अर्भके बरीच लहान होती. तरीही त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांच्या एका गटास गर्भधारणेपूर्वीपासून हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनविलेला अल्पोपहार रोज देण्यात आला. किमान तीन महिने आधीपासून तो घेणाऱ्यांच्या अर्भकांचे वजन सरासरीने ४८ ग्रॅ. अधिक भरले. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण मात्र तुलनेसाठी घेतलेल्या गटात १२.४ टक्के, तर या गटात ७.३ टक्के आढळले. मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने गर्भिणीने अर्धपोटी राहावे ही समजूत यावरून निराधार ठरते. ‘दोन जिवांची’ म्हणून तिला दुप्पट खाऊ घालणेही तितकेच चुकीचे होय.

पूर्वानुमान : गर्भाशयाची उंची फितीने मोजणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. २४ आठवड्यांनंतर ही उंची सेंटिमीटरमध्ये साधारणतः आठवड्यांइतकी भरते. स्थूल स्त्रीत मात्र हे माप फसवे ठरते. श्राव्यातीत ध्वनितपासणीत गर्भाचे डोके, पोटाचा घेर व मांडीचे हाड मोजून सूत्राने वजन काढतात. या अंदाजात १० टक्के किंवा अधिक चूक संभवते. म्हणजेच ४,००० ग्रॅ. असा अंदाज आलेले मूल प्रत्यक्षात ३,६०० किंवा ४,४०० ग्रॅ.चेही असू शकते. शिवाय खांदा अडकण्याचे बरेच प्रसंग सामान्य वजनाच्या अर्भकांतच घडतात.

म्हणून केवळ अंदाजित वजनावरून शस्त्रक्रिया ठरविणे योग्य नव्हे. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार ४,५०० ग्रॅ. ही मर्यादा धरल्यास मधुमेह नसलेल्या मातांत हाताची एक कायमची इजा टाळण्यासाठी ३,६९५ सिझेरियन शस्त्रक्रिया कराव्या लागतील. मधुमेही मातांत ही संख्या ४४३ येते. तेथील प्रसूतितज्ञांच्या संघटनेने मधुमेह असल्यास ४,५०० ग्रॅ. व नसल्यास ५,००० ग्रॅ. अंदाजित वजनापासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचविले आहे.

प्रतिबंध : वजनाच्या अंदाजापेक्षा साखरेची वेळीच तपासणी अधिक मोलाची ठरते. भारत शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (२०१८) पहिल्या भेटीतच गर्भिणीस ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. त्यासाठी उपाशीपोटी येण्याची गरज नसते. साखर १०० मिलि. रक्तद्रवात १४० मिग्रॅ. वा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. नसल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करतात. आहारनियमन व व्यायाम हे पहिले उपचार होत. दोन आठवड्यांत साखर आटोक्यात न आल्यास औषध किंवा इन्शुलीन देतात. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी मातेची पुन्हा तपासणी आवश्यक असते, कारण पुढील आयुष्यात तिला मधुमेह जडण्याची शक्यता अधिक असते. [→ गर्भारपणा].