सोलर घेताय? आधी गल्लीतली डीपी बघा!

"दादा, पॅनल छतावर चढले, कर्जाचा हप्ता सुरू झाला, पण नेट मीटर काही लागेना." पीठगिरणी आणि मसाला कांडप चालवणाऱ्या एका ताईंचा हा फोन. प्लांट 12 किलोवॅटचा, आणि त्यांच्या डीपीवर तेवढी क्षमता शिल्लकच नव्हती. हे असं का होतं, ते आज समजून घेऊ.

आपलं वीजजाळं एकाच दिशेने वीज न्यायला बांधलंय. वीजकेंद्र, सबस्टेशन, डीपी आणि मग तुमचं दुकान. आता छतावरची उरलेली वीज उलटी डीपीकडे जाते. एकाच डीपीवर अशी बरीच छतं आली की दुपारी व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. ऊन कडक, पण तेवढा वेळ युनिट शून्य!

देशातल्या मोठ्या प्रकल्पांचंही हेच दुखणं आहे. राजस्थानात सोलर प्रकल्प लवकर उभा राहतो, पण वीज बाहेर नेणाऱ्या लाइनला जमीन आणि परवानग्या मिळवण्यात जास्त वेळ जातो. माळढोक पक्षी तारांना धडकून मरतात, म्हणून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या भागात तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. 2024 मध्ये तो आदेश शिथिल झाला. लाइन अपुरी असली की तयार होऊ शकणारी वीजही थांबवावी लागते.

मग आपण काय करायचं?

1. ऑर्डरआधी वीज कार्यालयात डीपीची क्षमता विचारा. केंद्राच्या 2024 च्या नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणी लागत नाही. 5 किलोवॅटपर्यंत जाळं मजबूत करायचा खर्च वीज कंपनीचा. त्यापुढे वेळ आणि पैसा दोन्ही हिशोबात धरा.

2. विक्रेत्याला शेवटची रक्कम नेट मीटर लागल्यावरच द्या. तसं कोटेशनवर लिहून घ्या.

3. दळण-कांडप शक्यतो दुपारी उरका. स्वतःची वीज जागेवरच वापरली की डीपीवर ताण येत नाही.

ताईंनी हे आधी विचारलं असतं तर 10 किलोवॅटच्या आतच प्लांट घेतला असता. तुम्ही मात्र अॅडव्हान्स देण्याआधी विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!